स्टीव्हन पॅरेंट माहितीये?

चार्ल्स मॅन्सन माहितीये? क्राइम पॉडकास्ट ऐकणाऱ्या बहुतेकांचे हात वर जातील. आता सांगा, स्टीव्हन पॅरेंट कोण? शांतता. खरं सांगते, परवापर्यंत मलाही माहीत नव्हतं.

ऑगस्ट १९६९, लॉस एंजलिस. मॅन्सनच्या सांगण्यावरून त्याच्या 'फॅमिली'तल्या पोरापोरींनी दोन रात्रींत सात जणांना मारलं. अभिनेत्री शॅरन टेट साडेआठ महिन्यांची गरोदर होती. त्या रात्री पहिला गेला तो स्टीव्हन. वय १८, नुकतीच शाळा संपलेली. तिथल्या केअरटेकरला रेडिओ विकायला गेला होता. परतताना गाडीतच त्याला गोळ्या घातल्या.

खटल्यात मात्र सगळा शो मॅन्सनचा! त्याने कपाळावर 'एक्स' कोरला, मग सोबतच्या पोरींनीही कोरला. कोर्टाबाहेर फुटपाथवर बसलेल्या त्याच्या चेल्याही झळकल्या.

आरोपी आपल्याच वयाचे होते, लेस्ली व्हॅन हाउटन तर गुन्ह्याच्या वेळी १९ची. त्यामुळे 'असं कसं कुणी भुलतं?' हा प्रश्न आपण विचारायलाच हवा. पण त्यासाठी मॅन्सनला टी-शर्टवर मिरवायची काय गरज?

शॅरनची आई डोरिस टेट मारेकऱ्यांच्या पॅरोलविरोधात उभी राहिली, पीडितांच्या हक्कांसाठी शेवटपर्यंत लढली. तिच्यावर किती एपिसोड ऐकलेत आपण?

ऐकणं बंद करा असं म्हणत नाहीये, मीही ऐकते. पुढच्या वेळी फक्त एवढंच बघा, मेलेल्यांची नावं कितव्या मिनिटाला येतात?