नातवास आणणें आणि कायदा

गेल्या महिन्यांत एका सायंकाळीं वालावलच्या लक्ष्मीनारायणाचें दर्शन घेऊन परततांना शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आम्हांस वाटेंत भेटले. सून रुसून माहेरीं गेलेली, तिच्याबरोबर चार वर्षांचा नातू. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईस. "गुरुजी, उद्यां सकाळच्या गाडीनें जातों आणि नातवास घेऊन येतों. आपलेंच मूल आणलें तर पळवून आणलें असें कोण म्हणेल?" प्रश्न सोपा दिसला, पण आमच्यानें उत्तर देववेना.

बळजोरीवांचून हरण नाहीं, अशी आपली समजूत. रावणानें सीतेस नेलें तेंच चित्र डोळ्यांपुढें असतें. कायद्याची दृष्टि निराळी आहे. १८६० चें पिनल कोड जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. अठरा वर्षांखालील मुलास कायदेशीर पालकाच्या ताब्यांतून त्याच्या संमतीवांचून नेणें किंवा फूस लावून नेणें, हा तिच्या १३७ व्या कलमानें गुन्हा आहे; शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद व दंड. पूर्वी ही मर्यादा मुलग्यास सोळा होती. जबरीनें वा फसवून कोणाही माणसास हलविणें याचें कलम वेगळें, १३८ वें. आणि गंमत अशी कीं तेवढ्यानेंच शिक्षा होत नाहीं, त्यामागील हेतु पाहावा लागतो.

म्हणजे संमति पालकाची, मुलाची नव्हे. रुक्मिणीनें स्वतः निरोप धाडून श्रीकृष्णास बोलाविलें. ती अठरांच्या आंतली असती तर तो निरोप आजच्या कोर्टांत संमति म्हणून चालला नसता. तथापि 'नेणें' घडलें कीं नाहीं हें पाहिलें जातेंच. मद्रासच्या वरदराजन खटल्यांत सज्ञान होण्याच्या बेतास आलेली कॉलेजांतील मुलगी आपण होऊन घराबाहेर पडली होती. नेणें वेगळें आणि सोबत येऊं देणें वेगळें, असें म्हणून सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं आरोपीस सोडून दिलें.

आमच्या शेजाऱ्यांस जवळचा निकाल मात्र नागपूरचा. अमरावतीकडील एका पित्यानें तीन वर्षांच्या मुलास आईपासून नेलें; त्यावर फिर्याद झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रद्द केली. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यानें पिता हा नैसर्गिक पालक. कोर्टाची मनाई नसतां त्यानें मूल स्वतःकडे नेणें हा गुन्हा नव्हे. पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावें, हेंही त्याच कायद्यांत आहे. पण तो तंटा दिवाणी. निकाल आम्हांस कायद्यास धरून वाटला, तरी त्या रात्रीं तें मूल आईवांचून कसें निजलें असेल, हा विचार सुटला नाहीं.

परंतु आजोबा पिता नव्हेत. आपणांस ताब्याचा हक्क आहे असें सद्भावनेनें मानणाऱ्यास अपवाद ठेवलेला आहे खरा. पण ती सद्भावना दाखविण्यास कोर्टाची पायरी चढावी लागते.

"म्हणजे आजोबा परका?"

"कायद्यापुरता," आम्ही म्हणालों.

दुसऱ्या दिवशीं ते गाडीनें गेले, पण विहीणबाईंच्या ओटीवर बसून सुनेशीं बोलण्याकरितां. नातू अद्याप आजोळींच आहे. दर रविवारीं आजोबा तिकडे जातात, आणि परवां सुनेनें त्यांस जेवावयास ठेवून घेतलें.