कोटेशनमधून गळलेले अर्थिंग

पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या दादर, परळ, लालबागच्या सोसायट्यांत गच्चीवर सोलर बसवण्याचा विषय निघाला की सर्वसाधारण सभेची चर्चा दोन आकड्यांभोवती फिरते. अनुदान किती मिळणार आणि लिफ्ट-पंपाचे बिल किती उतरणार? फेब्रुवारी २०२४ पासूनच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८ हजार रुपये मिळतात. तेव्हा हा हिशेब रास्तच आहे. पण वळवाच्या पावसात वीज कडाडली तर पंचवीस वर्षे चालायची ही यंत्रणा तगेल का, हा प्रश्न सहसा विषयपत्रिकेवर नसतो. कोणी विचारलाच, तर ‘शेजारी एवढा टॉवर आहे, पडली तर त्याच्यावर पडेल’ असे म्हणून पुढचा विषय घेतला जातो.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. टॉवर थेट आघात झेलेलही. पण हजारो अँपिअरचा प्रवाह जमिनीत उतरताना आसपासच्या तारांमध्ये क्षणभर प्रचंड विद्युतदाब निर्माण करतो. गच्चीवरून इन्व्हर्टरपर्यंत आलेली लांबलचक डीसी केबल तो दाब थेट आत आणते. पॅनेल वरून शाबूत दिसतात आणि इन्व्हर्टरचा बोर्ड जळालेला असतो. कधी त्याच झटक्यात लिफ्टचा कंट्रोलर आणि सीसीटीव्हीही जातात. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप माणसाला गच्चीवरून खाली उतरायला सांगते. पॅनेलना उतरता येत नाही.

उपाय जुने आणि सिद्ध आहेत. तडितरक्षकाचा, म्हणजे लायटनिंग अरेस्टरचा दांडा पॅनेलपेक्षा उंच हवा, पण त्यांच्या चौकटीपासून सुरक्षित अंतरावर हवा. त्याची पट्टी कमीत कमी वळणे घेत थेट अर्थ पिटपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत उतरली पाहिजे. पॅनेलच्या चौकटी आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग हवे. इन्व्हर्टरच्या डीसी आणि एसी या दोन्ही बाजूंना दाबाचा असा झटका (सर्ज) रोखणारे उपकरण, म्हणजे एसपीडी हवे. प्लस-मायनस केबल एकमेकींना लगटून नेल्या तर प्रेरित दाब कमी होतो. या कामाला तर जादा पैसाही लागत नाही. ‘आमचा एकच दांडा शंभर मीटरचा परिसर सांभाळतो’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून मात्र सावध राहावे. आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक संरक्षणाचे क्षेत्र ठरवताना दांड्याची प्रत्यक्ष लांबी-उंचीच धरते.

मुंबईची अडचण बसवण्याइतकीच टिकवण्याचीही आहे. चौपाटीच्या खाऱ्या वाऱ्यात जस्तलेपित (जीआय) पट्टीचे नटबोल्ट गंजतात. वॉटरप्रूफिंगच्या कामात पट्टी तुटली, तर ती पुन्हा जोडायची आठवण कोणाला राहील याचा भरवसा नाही. गिरगावात इमारतींमधल्या गल्ल्या फरशी-काँक्रीटने भरल्या आहेत. तिथे अर्थ पिट खणायला जागा शोधावी लागते आणि पुढे तिचे झाकण उघडून पाहायला कोणी फिरकत नाही.

सोलरच्या तांत्रिक निकषांत अरेस्टर, एसपीडी, अर्थिंग सगळे आहे. पण तीन कोटेशन मागवून सर्वांत स्वस्त निवडायचे म्हटले की ठेकेदाराला काटछाट करायला हीच जागा सापडते, कारण पॅनेल सभासदांना दिसते, जमिनीतला इलेक्ट्रोड दिसत नाही. म्हणून बेस्ट असो वा टाटा पॉवर, नेटमीटर बसवताना अर्थ टेस्टरने घेतलेले रीडिंग आणि एसपीडीची नोंद अहवालात सक्तीची करावी. नुसत्या फोटोवर भागवू नये. सोसायट्यांनी दरवर्षी मे उजाडण्यापूर्वी हीच मोजणी पुन्हा करून घ्यावी, वादळानंतर एसपीडीची खूण लाल झाली आहे का ते पाहावे आणि इमारतीच्या विमा पॉलिसीत सोलरची नोंद करावी. अनुदान हा जनतेचा पैसा आहे. तो खात्यात जमा होण्याआधी अर्थ पिटचा ओहममधला आकडा कागदावर आलाच पाहिजे.