उघडलेले बस्ते पुन्हा बांधू नयेत : जालना जिल्ह्याच्या खुल्या ऑनलाइन इतिहास-संग्रहासाठी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जालना जिल्हा, जालना.

दिनांक : १७ सप्टेंबर २०२५

विषय : जिल्ह्यातील जुनी दप्तरे, घरोघरचे कागद, छायाचित्रे व तोंडी आठवणी यांचा सर्वांसाठी खुला ऑनलाइन संग्रह उभारण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे जालना, अंबड, घनसावंगी, भोकरदन, परतूर आणि मंठा तालुक्यांतील शिक्षक, ग्रंथपाल, शेतकरी, निवृत्त कर्मचारी व विद्यार्थी आहोत. आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आजच्याच दिवशी हे निवेदन देण्याचे कारण सरळ आहे. हैदराबाद संस्थान भारतात आले तेव्हा, १९४८ साली, जो मुलगा पंधरा वर्षांचा होता तो आज ब्याण्णव वर्षांचा आहे. त्याच्याकडून ऐकून घ्यायला आपल्या हातात फार दिवस नाहीत.

गेल्या दोन वर्षांत या जिल्ह्यात एक मोठे काम झाले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) समितीच्या निमित्ताने तहसील कार्यालये, भूमी अभिलेख, शाळा, नगरपालिका अशा सगळीकडचे अनेक वर्षे न उघडलेले बस्ते सुटले. १९५४-५५ चे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे बाहेर आली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधून बोलावले गेले. पाने स्कॅन झाली, राज्यभर जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. आरक्षणाच्या प्रश्नावर या निवेदनाची कोणतीही भूमिका नाही, आणि तसा अर्थ कोणी काढू नये. आमचे म्हणणे वेगळे आहे. ते सगळे काम ‘कुणबी’ या एका शब्दाच्या शोधात झाले. तो शब्द सापडला की ते पान टिपले जाई आणि पुढचे पान उलटले जाई. पण त्याच पानावर शेताचे नाव होते, विहिरीचा उल्लेख होता, कोणत्या साली पीक बुडाले ते होते, कोण गाव सोडून गेला ते होते. शाळेच्या रजिस्टरात मुलीने कोणत्या इयत्तेत शाळा सोडली आणि का सोडली, त्याचा रकाना होता. या सगळ्याकडे कोणी पाहिले नाही, कारण पाहायला सांगितलेच नव्हते.

आता ते बस्ते परत बांधले जात आहेत. ते पुन्हा बांधण्याआधी एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन व्हावेत, ही आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी आहे. माणसे शिकून तयार आहेत, यंत्रे आलेली आहेत, कोणता बस्ता कोणत्या कपाटात आहे हे बऱ्याच वर्षांनी कुणाला तरी ठाऊक झाले आहे. ही संधी आणखी दहा वर्षांनी अशी आयती मिळणार नाही. स्कॅनिंग पूर्ण व्हायला वेळ लागेल हे आम्ही समजतो; म्हणून निदान बस्त्यांची यादी आधी प्रसिद्ध करावी. कोणत्या कार्यालयात, कोणत्या गावाचे, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे, कोणत्या लिपीतले दप्तर आहे, एवढे चार रकाने पुरे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार हे कागद जपणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. आम्ही नवीन काही मागत नाही, जपलेले दिसावे एवढेच मागतो.

यादी करताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. निझामी दप्तरातले सन फसली आहेत. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. महिनेही आजूर, दै, बहमन असे असतात. हे न कळल्यामुळे १३५७ फसलीचा कागद कुणीतरी सातशे वर्षांपूर्वीचा समजतो, नाहीतर निरुपयोगी म्हणून बाजूला टाकतो. म्हणून प्रत्येक नोंदीत फसली आणि इसवी दोन्ही सन लिहावेत, गावाचे जुने व आजचे नाव लिहावे, आणि शोध देवनागरीत घेता यावा. आमच्यापैकी एका शिक्षकाने आपल्या गावच्या शाळेचे उर्दूतले जुने रजिस्टर शोधले तेव्हा ते आधीच रद्दीत गेलेले होते. कुणी दुष्टपणाने दिले नव्हते. वाचता येत नव्हते, म्हणून दिले.

यातूनच दुसरी मागणी येते. मोडी व उर्दू वाचणारे जे लोक तात्पुरत्या मानधनावर घेतले होते, त्यांना काम संपले म्हणून घरी पाठवू नये. निझामी राजवटीच्या अखेरच्या काळात कारभाराची भाषा उर्दू होती. आज आमच्या मुलांना मराठी येते, पण मोडी येत नाही. उर्दू येणाऱ्या मुलांना ती जुनी शिकस्ता लिखावट वाचता येत नाही. जुन्या जालन्यात आणि कादराबादेत असे निवृत्त उर्दू शिक्षक अजून आहेत ज्यांना हे हस्ताक्षर सहज लागते. त्यांच्याजवळ महाविद्यालयांच्या इतिहास विभागातील विद्यार्थ्यांनी बसावे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने त्याला प्रकल्पाचे गुण द्यावेत, आणि शिकवणाऱ्यांना योग्य मानधन मिळावे, असा प्रस्ताव आपल्या कार्यालयाकडून जावा.

जिल्ह्याचे कागद फक्त जिल्ह्यातच आहेत असे नाही. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा त्याचे बहुतेक तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून आणि परतूर तालुका परभणीतून आला. त्याआधी १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. म्हणून आमच्या आजोबांच्या कागदांचा एक भाग छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात, एक भाग परभणीत आणि मोठा भाग हैदराबादला तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहे. मंठ्याच्या एखाद्या मुलाने आपल्या गावाचा इतिहास लिहायचा म्हटले तर त्याने तीन शहरे फिरावीत काय? जिल्हा प्रशासनाने पुराभिलेख संचालनालयामार्फत हैदराबादेशी पत्रव्यवहार करून जालन्याशी संबंधित दप्तरांची सूची आणि शक्य तितक्या प्रती मिळवाव्यात. हे काम नागरिकांच्या अर्जाने होत नाही, सरकारी पत्रानेच होते.

असईचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीची लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूच्या चिठ्ठ्या, नकाशे, अहवाल लंडनमध्ये जपून ठेवले गेले; त्यातले पुष्कळ छापले गेले आणि आज कुणीही घरबसल्या वाचू शकतो. त्या नद्यांच्या काठच्या गावांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टी, नांगराला लागलेल्या तोफगोळ्यांच्या आठवणी, जमिनीच्या तुकड्यांना पडलेली नावे, यांपैकी फारसे काही कुठे लिहून ठेवलेले नाही. एकाच लढाईची एक बाजू जगभर पोचली आणि दुसरी गावच्या पारावर राहिली. भोकरदनचेही तसेच झाले. सांची आणि भरहुतच्या शिलालेखांत भोगवर्धनचे दाते नोंदलेले आहेत. १९७३ च्या उत्खननात तिथे हस्तिदंती स्त्री-मूर्ती सापडली, आणि तिचे साम्य इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी दिसते. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या त्या उत्खननाचा अहवाल इंग्रजीत आहे. भोकरदनच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या मुलाला तो मराठीत, चित्रांसह, मोबाइलवर वाचता आला पाहिजे. विद्यापीठांची परवानगी घेऊन हा अहवाल आणि त्याचे मराठी रूप संग्रहात ठेवावे.

आता तोंडी इतिहासाबद्दल. याला आम्ही कागदांपेक्षा कमी मानत नाही, आणि वेळ इथेच सर्वांत कमी आहे. मुक्तिसंग्रामात ज्यांनी स्वतः भाग घेतला ते जवळपास गेले. त्यांच्या घरात रझाकारांच्या काळातल्या गोष्टी ऐकलेले, सीमेपलीकडच्या कॅम्पांना भाकरी पोचवणाऱ्या आयांचे मुलगे-मुली अजून आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. तेव्हा सुकडी कशी वाटली, हजेरीपटावर नाव कसे चढले, कोणत्या गावचा पाझर तलाव कोणाच्या हातांनी झाला, हे त्या सांगू शकतात. २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा डोळ्यांसमोर वाळल्या आणि लोकांनी त्या स्वतःच्या हातांनी तोडल्या; तेही आता इतिहासच आहे, आणि मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या या जिल्ह्याने ते विसरू नये. निम्न दुधनाच्या पाण्याखाली परतूर तालुक्यातली जी गावठाणे गेली, तिथले वाडे, वेशी, मारुतीचे पार आता फक्त माणसांच्या सांगण्यात उरले आहेत.

हे कसे करावे याचा नमुना महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवॅं यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे काम उभे केले, त्यात हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह, आवाजासह ऐकू येतात. कुणाची ओवी कुणाच्या नावावर गेली नाही. आमच्या संग्रहातही हेच व्हावे. सांगणाऱ्याची लेखी वा ध्वनिमुद्रित संमती असावी, त्याचे नाव असावे, आणि नंतर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना ते काढून घ्यावेसे वाटले तर काढता यावे.

जांब समर्थ येथील घटना सर्वांच्या लक्षात आहे. समर्थ रामदासांच्या जन्मगावातल्या राममंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये मूर्ती चोरीला गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी त्या परत मिळवल्या. त्या मूर्ती प्रसिद्ध होत्या म्हणून सगळा महाराष्ट्र हळहळला. पण अन्व्याच्या मंदिरावरचे शिल्प, अंबडची बारव, एखाद्या खेड्याच्या वेशीतला वीरगळ, दर्ग्यातला फारसी लेख, जालन्यातल्या जुन्या छावणीच्या काळची थडगी, यांतले काही उद्या गेले तर ओळख पटवायला आपल्याकडे नीट छायाचित्र तरी आहे का? ग्रामपंचायतीच्या मदतीने एकदा चारही बाजूंनी, मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावेत. त्यातील कोणते सर्वांना दाखवायचे आणि कोणते सुरक्षेसाठी फक्त पोलीस व पुरातत्त्व विभागाकडे ठेवायचे, हे गावाशी बोलून ठरवावे.

घरातले कागद मात्र घरातच राहावेत. सनदा, लग्नपत्रिका, गावजत्रेचे जमाखर्च, बेथेलच्या ख्रिस्ती वस्तीतील जुनी छायाचित्रे, तांड्यावरच्या नायकांची हकिकत, मोंढ्यातल्या आडतीच्या वह्या, धुळवडीच्या हत्ती रिसाल्याचे फोटो, बियाण्याच्या धंद्याची सुरुवात पाहिलेल्या कामगारांच्या आठवणी. लोक हे द्यायला भितात, कारण दिलेले परत आलेले नाही असा अनुभव अनेकांना आहे. म्हणून वर्षातून दोनदा प्रत्येक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात स्कॅनिंगचा दिवस ठेवावा. माणसाने पिशवीत कागद घेऊन यावे, समोर स्कॅन व्हावा, कागद आणि त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन त्याने घरी जावे. यात एकाच समाजाचा, एकाच वाड्याचा इतिहास भरू नये. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांकडे कागद कमी आहेत. तिथे आधी जावे.

खासगीपणाबद्दल आम्ही आग्रही आहोत. हयात माणसांचे पत्ते, आजार, दत्तकविधान, जातीवरून कुणाला हिणवता येईल अशा नोंदी उघड्यावर येऊ नयेत. काय उघडे ठेवायचे हे ठरवण्यासाठी इतिहास शिक्षक, ग्रंथपाल, वकील आणि महिला प्रतिनिधी यांची छोटी समिती नेमावी. तिच्या बैठकीचे इतिवृत्तही प्रसिद्ध व्हावे.

ठेकेदाराचा करार संपला की संकेतस्थळ बंद पडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून मूळ स्कॅन निदान तीनशे डीपीआयचे असावेत आणि त्यांच्या तीन प्रती तीन ठिकाणी असाव्यात. त्यातील एक प्रत पुराभिलेख संचालनालयाकडे असलीच पाहिजे.

खर्चासाठी जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण योजनेच्या शीर्षाखाली तरतूद करता येईल. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत सदस्य सचिव या नात्याने आपण हा विषय मांडावा आणि उपजिल्हाधिकारी दर्जाचा एक समन्वय अधिकारी नेमावा. तोपर्यंत, वर म्हटल्याप्रमाणे, बाहेर काढलेले कोणतेही दप्तर यादी झाल्याशिवाय पुन्हा गोदामात जाऊ नये किंवा नष्ट करण्याच्या प्रस्तावात येऊ नये, असे लेखी आदेश सर्व तहसीलदार, गटशिक्षणाधिकारी व मुख्याधिकारी यांना तातडीने द्यावेत. यासाठी पैसे लागत नाहीत, आपली सही लागते.

या विषयावर तीस दिवसांच्या आत आम्हाला चर्चेसाठी वेळ द्यावी. आमच्यातील वीस जण दर शनिवारी दोन तास बस्त्यांची यादी करण्यासाठी विनामोबदला बसायला तयार आहेत. त्यांची नावे, शिक्षण आणि येत असलेल्या लिप्या यांची माहिती सोबत जोडली आहे.

आपले विश्वासू,
जालना जिल्ह्यातील नागरिक
(सह्यांची पाने सोबत)

प्रत माहितीस्तव सादर :
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, जालना
मा. जिल्हा ग्रंथालय अधिकारी, जालना