विश्लेषण : टँकरच्या पाण्यावर हिरवळ की सदाफुली?

मार्च उजाडला की अनेक गृहसंकुलांच्या फाटकात टँकर उभे राहतात. त्याच आवारात हिरवळीवर फवारेही सुरू असतात. पाणी विकत घेऊन गवत जगवण्यापेक्षा कमी पाण्यावर फुलणारी सदाफुली का लावू नये?

हिशेब काय सांगतो?
१०० चौरस मीटर हिरवळीला कडक उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी दिले तरी ते ५०० लिटर होते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा निकष धरला जातो. म्हणजे एवढेसे गवत जवळपास चार माणसांचे पाणी पिते.

सदाफुलीच का?
मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडे इतकी रुळली, की भिंतीच्या फटीतही उगवते. पांढरी, गुलाबी फुले जवळपास वर्षभर येतात. शेळ्या-गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. बी पडून नवी रोपेही आपोआप उगवतात.

लागवड कशी करावी?
पावसाळ्याच्या तोंडाशी रोपे लावावीत, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मुळे खोल जातात. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवे. चिकट काळ्या मातीत वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवावे. पाऊस नसेल तर पहिले तीन-चार आठवडे नियमित पाणी द्यावे. पुढे वरची दोन बोटे माती सुकल्यावरच द्यावे. शेंडे खुडले की झाड डेरेदार होते.

चूक कुठे होते?
रोज पाणी घालण्यात. पाणी साचले की मूळ कुजते आणि झाड मान टाकते. ते तहानलेले समजून आणखी पाणी ओतले जाते आणि झाड हातचे जाते. म्हणून आधी मातीत बोट घालून पाहावे.

सावधगिरी कोणती?
रक्ताच्या कर्करोगासह काही कर्करोगांवर वापरले जाणारे विन्क्रिस्टीन हे औषध याच झाडापासून मिळते. पण म्हणून ते घरगुती औषध ठरत नाही. मधुमेहावर उपाय म्हणून पाने चघळणे धोक्याचे आहे. झाड विषारी असल्याने लहान मुले आणि पाळीव प्राण्यांपासून जपावे.

मग हिरवळ काढूनच टाकायची?
तशी गरज नाही. मुले जिथे खेळतात तेवढी राहू द्यावी. मात्र फाटकाजवळची, कडेची, ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी लावलेली हिरवळ कोणाच्या कामाची? सोसायटीच्या सभेत टँकरचे बिल मांडताना बागेला किती पाणी गेले, तेही सांगावे. तो आकडा समोर आला, तर जूनमध्ये काय लावायचे यावर फार वाद होणार नाही.