तालाची वेठ

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला पोलादाच्या कारखान्यांतून उमटणारे घणाघात आणि भाताची कापणी झाल्यावर जव्हार-डहाणूच्या पाड्यांवर रात्रभर घुमणारा तारपा, हे दोन्ही आवाज एकाच पालघर जिल्ह्यातील आहेत. पहिला यंत्रयुगाचा व दुसरा ‘आदिम’ काळाचा, अशी त्यांची वाटणी करण्याची सुशिक्षितांची जुनी सवय आहे. वस्तुतः दोन्ही आवाजांमागे अनेकदा एकाच घरातील माणसे असतात. बाप तारप्याभोवती फेर धरतो आणि मुलगा तारापूरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून पाळी भरतो.

‘हेवी मेटल’ नावाच्या पाश्चात्त्य संगीताविषयी पक्षाच्या साप्ताहिकात काय लिहायचे, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. श्रीमंतांच्या मुलांची कर्णकर्कश चैन, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे आहे. परंतु या संगीताचा जन्म इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला. टोनी आयोमी हा कामगार पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रावर उभा असताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. वितळवलेल्या प्लॅस्टिकची टोपणे बोटांना लावून आणि गिटारला हलक्या तारा चढवून तो वाजवू लागला. त्यातून जो जड नाद निघाला, तोच १९७० साली ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतून जगाने ऐकला. प्रेसवर बोटे गमावणे म्हणजे काय, हे बोईसरच्या कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

हे संगीत पुढे ब्राझीलमध्ये पोहोचले. मिनास जेराइस या खाणींच्या प्रांतातील बेलो होरिझोंटे शहरात १९८४ साली मॅक्स कॅव्हलेरा व त्याच्या भावाने ‘सेपल्टुरा’ हा वाद्यवृंद स्थापन केला. १९९६ च्या ‘रूट्स’ या ध्वनिमुद्रिकेसाठी ही मंडळी शवांते या आदिवासींच्या गावी जाऊन राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. त्यानंतर मॅक्स वेगळा झाला, १९९७ साली त्याने ‘सोलफ्लाय’ची स्थापना केली आणि २००० साली या वाद्यवृंदाची दुसरी ध्वनिमुद्रिका आली. गिटारच्या जड आघातांखाली तिच्यात ब्राझीलचे तालवाद्य घुमते; पहिलेच गीत बेरिंबाऊच्या टणत्काराने सुरू होते. धनुष्याला भोपळा बांधून केलेले हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर ब्राझीलमध्ये आले. ध्वनिमुद्रिकेचे नाव आहे ‘प्रिमिटिव्ह’, म्हणजे आदिम.

मॅक्सने तो शब्द अभिमानाने वापरला आहे, याविषयी शंका नको. ज्याला हिणवले गेले त्याकडेच परत जाऊ, असा त्यामागील आशय आहे. तथापि स्वतःहून मिरवलेला शब्द आणि दुसऱ्याने कपाळावर मारलेला शब्द यांत फरक असतो. पालघरच्या कातकऱ्यांना हा शब्द शासनाने चिकटवला. १९७० च्या दशकात केंद्र सरकारने ‘आदिम जमाती’ असा वर्ग पाडला व कातकरी त्यात गेले. २००६ साली ते नाव बदलून ‘विशेष असुरक्षित’ असे करण्यात आले. परंतु बोलण्यातून जुना शब्द हललेला नाही.

हा शब्दांचा कीस नव्हे. ‘आदिम’ म्हणजे कोणा एकाचे नसलेले, असा अर्थ व्यवहारात निघतो. जंगल आदिम ठरले, म्हणून ते सरकारजमा झाले. जमिनीचा कागद नाही, म्हणून ती सावकाराच्या नावे चढली. तारपा आदिम ठरला की त्याचा सूर व तालही कोणीही उचलावा असा कच्चा माल होतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाचे पान यांपासून हे वाद्य तयार करण्याचे कौशल्य आणि ते दीर्घकाळ वाजवण्याची छातीची ताकद हे श्रमच आहेत. त्यांची किंमत मात्र कोणाच्या हिशेबात येत नाही.

यावर एक आक्षेप समाजवाद्यांकडूनच येण्याजोगा आहे. संगीत साऱ्या मानवजातीचे. त्याला मालक कशाला हवा? आक्षेप उदात्त आहे, पण अर्धाच आहे. सामूहिक ठेवा उचलताना तो सर्वांचा असतो आणि बाजारात विकताना एका कंपनीचा होतो. आपला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा कर्त्याला त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षांपर्यंत संरक्षण देतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही त्याचा हक्क आहे. ज्या पाड्याने ती चाल पिढ्यान् पिढ्या घडवली, त्या पाड्याला मात्र कर्ता म्हणून या कायद्यात जागा नाही. मालकी नको हे तत्त्व केवळ आदिवासीलाच लागू होणार असेल, तर तो समाजवाद नव्हे, ती लूट आहे.

दुसरीकडे, मिसळीने संस्कृती भ्रष्ट होते, असे म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांशीही सहमत होता येणार नाही. समुद्र ओलांडून आलेले बेरिंबाऊच त्यांना उत्तर देते. तारप्याने गिटारच्या शेजारी अवश्य बसावे. प्रश्न एवढाच की बसताना त्याचे नाव कोठे लिहिले जाते आणि मोबदला कोणाच्या हाती पडतो. २०१९ साली मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत केले, तेव्हा आरेच्या जंगलातील आदिवासी प्रकाश भोईर त्यात स्वतःच्या नावाने व स्वतःच्या आवाजात उभे राहिले. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे नव्वदी ओलांडलेले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान योग्यच आहे. परंतु एका वृद्ध कलावंताच्या सन्मानाने समाजाचा हक्क प्रस्थापित होत नाही.

त्या हक्काचा एक धागा कायद्यात आहे. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथील कार्यकर्ते ग्रामसभेपुढे वनहक्क मांडतात, पाणी मांडतात. तेथेच ध्वनिमुद्रणाचा विषयही मांडावा. बाहेरून येणाऱ्या मंडळीने प्रथम ग्रामसभेची संमती घ्यावी, वादकाला त्याच दिवशी पुरती मजुरी द्यावी, मुद्रिकेवर त्याचे व पाड्याचे नाव छापावे आणि विक्रीतील ठरलेला वाटा गावाच्या खात्यात भरावा, असा ठराव कोणत्याही ग्रामसभेला करता येईल. ठरावाने न्यायालय लगेच बांधले जाणार नाही हे खरे. पण मागणी लेखी आल्याखेरीज कायदा बदलण्याची लढाई उभीच राहत नाही.

१९४५ साली याच भूमीत वारल्यांनी जमीनदाराची वेठ करण्यास नकार दिला. त्या वेळी वेठ अंगमेहनतीची होती. आता ती सुराची व तालाचीही होऊ पाहत आहे. कारखान्याच्या आघातातून जन्मलेले संगीत आणि पाड्यावरील तारपा एकत्र आले, तर तो श्रमिकांचा मेळ ठरू शकतो. मात्र मेळात दोघांनाही मजुरी मिळाली पाहिजे. एकाला मजुरी व दुसऱ्याला नुसते कौतुक, या व्यवस्थेला जुन्या वारल्यांनी एक नाव दिले होते. ते विसरण्याचे कारण नाही.