बाजरीतील लोह आणि सरकारी शिधा

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील शाळकरी मुलामुलींवर झालेला बाजरीच्या भाकरीचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराष्ट्राने त्याची जी दखल घ्यावयास हवी होती ती घेतली नाही, असे खेदपूर्वक म्हणावे लागते. बारा ते सोळा वर्षे वयाच्या या २४६ मुलांपैकी काहींना साधारण बाजरीची, तर काहींना किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह असलेल्या ‘धनशक्ती’ वाणाची भाकरी सहा महिने देण्यात आली. आणि प्रारंभी ज्यांच्या शरीरातील लोहाचा साठा अपुरा होता, त्यांच्यापैकी धनशक्ती खाणाऱ्यांची उणीव भरून निघण्याचे प्रमाण इतरांच्या दीडपटीहून अधिक आढळले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांसमवेत या कार्यात महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठातील पोषणशास्त्रज्ञ होत्या. अशी बाजरी खाणाऱ्या किशोरवयीनांचे अवधान व स्मरण सुधारते, हा पुढचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला.

या वाणाची वंशावळही मननीय आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागात पिकणाऱ्या ‘इनियादी’ बाजरीतून हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने एक वाण निवडला, तो १९८८ साली आपल्या शेतकऱ्यांच्या हाती आला, आणि त्यातूनच अधिक लोहाची कणसे पुन्हा निवडून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने सिद्ध झालेला धनशक्ती २०१४ साली देशभरासाठी प्रसृत झाला. हा वाण संकरित नसल्यामुळे शेतकऱ्यास घरचे बी राखता येते. आणि जेथे उसाची कल्पनाही करवत नाही अशा अवर्षणप्रवण मुलखातील हलक्या जमिनीत, केवळ पावसाच्या पाण्यावर तो पिकतो. भूमीवर आणि पाण्यावर भार न टाकता शरीरास हवे ते देणारे अन्न म्हणून ज्याचा विद्वत्सभांतून शोध चालतो, ते आपल्या नगर-बीडच्या शेतांत उभे आहे.

असे असता २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ६८.९ टक्के आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळाव्यात, आणि हे दोन्ही आकडे आधीच्या सर्वेक्षणाहून वाढलेले असावेत, ही साऱ्या राज्याने लाजिरवाणी मानावी अशी गोष्ट आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात; केवळ बाजरीने तो हटेल असे कोणताही जबाबदार संशोधक म्हणणार नाही. परंतु वाणाची फाइल कृषी खात्यात, रक्ततपासणीची आरोग्य खात्यात, माध्यान्ह भोजनाची शिक्षण खात्यात आणि शिध्याची पुरवठा खात्यात, अशा शिरस्त्यामुळे संशोधनाचे फळ कोणाच्याच अखत्यारीत येत नाही. शाळांतील भोजन आजही मुख्यतः तांदळावर चालते, जरी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्याचीही स्पष्ट तरतूद आहे.

बाजरीचे पीठ टिकत नाही, थोड्याच दिवसांत कडू होते, ही हरकत नेहमी पुढे केली जाते आणि ती खोटी नाही. दाण्यातील तेल दळल्यावर लवकर खवट होते. मात्र रास्त भावाच्या दुकानात धान्य द्यावयाचे असते, पीठ नव्हे. आणि ज्या गावांत बाजरी खातात तेथील गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे दळण गिरणीतून आणीत आल्या आहेत. शाळेस तोच शिरस्ता का पाळता येऊ नये, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि मुंबईचे महिला विद्यापीठ यांना एकत्र अनुदान देऊन बाजरीच्या पट्ट्यातील निवडक तालुक्यांत सरकारने धनशक्तीची हमीभावाने खरेदी करावी, ती त्याच तालुक्यांतील शाळांना व शिधापत्रिकाधारकांना द्यावी, आणि आरंभी व वर्षअखेर रक्ततपासणी करून निष्कर्ष जनतेपुढे ठेवावेत. ही तजवीज उन्हाळ्यातच व्हावयास हवी, कारण जूनच्या पावसाबरोबर बाजरीची पेरणी सुरू होते आणि बियाण्याची मागणी त्यापूर्वी नोंदवावी लागते.