भंगार कुणी ठरवायचं?

पुण्या-मुंबईचे पाहुणे गावाकडं आले, की आमच्या पिकअपचा फोटो काढतात. ‘काय भारी जुगाड केलाय!’ म्हणतात. त्यातलेच काही परत गेल्यावर ‘पंधरा वर्षांवरची झाडून सगळी वाहनं भंगारात घाला’ असंही बोलतात. माझी या दोन्ही बोलण्यांना हरकत आहे.

गाडी २००१ सालची, टाटाची २०७. पहिला मालक सांगोल्याकडचा डाळिंबाचा व्यापारी. क्रेट जास्त बसावेत म्हणून त्यानं हौद्याला लोखंडी जाळी चढवली. त्याच्याकडून ती मंडपवाल्यानं घेतली. त्यानं जाळी कापली, बांबू-कनातींसाठी टपावर कॅरियर केलं. तिसरे आम्ही. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या आबांनी कॅरियर उतरवलं, पाट्यात एकेक पान जादा घातलं आणि हौद्यात हजार लिटरची टाकी आवळली. नुसत्या पाण्याचंच वजन एक टन. ते हिंदकळलं की वळणावर गाडी झोकांडते, म्हणून मिस्त्रीनं टाकीला चारी अंगांनी अँगल मारले. वाडीवरची जनावरं त्या पाण्यावर तगली. पुढं पाऊस झाला, टाकी उतरली. आता त्याच हौद्यातनं वैरण आणि शेळ्या जातात.

याला जुगाड म्हणू नका. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. इथं प्रत्येकानं वजन, रस्ता आणि आपली ऐपत यांचा हिशेब घालून बदल केला. मिस्त्रीकडं डिग्री नाही. पण चेसीसला भोक पाडायचं नाही, क्लॅम्प मारायचा, हे त्याला शिकवावं लागत नाही.

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असले बदल अडवतं. त्याला कारण आहे, कबूल. ब्रेक न बघता दुप्पट माल भरून घाट उतरणारे महाभाग आमच्याकडंही आहेत. त्यांना थांबवाच. पण ब्रेक तपासा, धूर मोजा, वेल्डिंग ठोकून बघा. जन्मतारीख काय बघता? सरकार म्हणतं, वयावर नाही, फिटनेसवर ठरतं. मग १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी ६०० वरून ५,००० का झाली? जुन्या मालवाहू गाड्यांच्या फिटनेसची फीही तशीच चढली. हा दंड नापास गाडीला नाही, पास होणाऱ्या म्हाताऱ्या गाडीला आहे.

‘नवी घ्या’ म्हणणं सोपं. नवी गाडी म्हणजे हप्ता, आणि हप्ता पावसाची वाट बघत थांबत नाही. शिवाय नवी गाडी घडवायला लोखंड, कोळसा, वीज लागते. तो धूर कुणाच्या खात्यावर मांडायचा? आमची गाडी वस्तीवरनं बाजारापर्यंत जाते नि परत येते, तेवढीच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तपासणी तालुक्याच्या गावी आणा, फी गरिबाला झेपेल एवढी ठेवा. मिस्त्रीनं केलेला बदल तिथं उघड दाखवू द्या. नीट असेल तर गाडीच्या कागदावर नोंदवा, कच्चा असेल तर जागेवर कापायला लावा. आज तो लपवावा लागतो, म्हणून कुणी तपासत नाही; खरा धोका या लपवाछपवीत आहे. गाडी कामाची उरली नाही, की शेतकरी स्वतःच भंगारवाल्याला हाक मारतो आणि किलोवर देऊन टाकतो. दारात फुकटचं लोखंड गंजत ठेवायची हौस त्याला कधीच नव्हती.